पिस्तुलाचं म्यान : कामाच्या नोंदी

३ सप्टेंबर २०२३, रविवार

बाबांच्या पिस्तुलाचं लायसन्स परवा माझ्या नावाने हातात आलं. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे सत्तरी गाठलेल्या किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलेल्या माणसाला ते हयातीतच वारसाच्या नावावर करून देता येतं. बाबा दोन्हीत बसतात. तरी ठाणं, पडताळणी, कलेक्टोरेटची शस्त्र शाखा असं करता करता चौदा महिने गेले. शेवटच्या खेपेला तिथला बाबू म्हणाला, "अरे भाईसाहब, ग्वालियर में तो यह शादी के कार्ड से ज़्यादा छपता है, टाइम तो लगेगा."

वस्तू जुनीच आहे. वाल्थर पीपीके, ७.६५ मिमी, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट 'बत्तीस बोर' म्हणतात ते. पीपीके १९३१ सालची. बाबांकडची मात्र तिची हलकी बहीण, पीपीके-एल. आराखडा तोच, फक्त सांगाडा पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, आणि नळी पोलादीच.

मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, काढलं, स्लाइड मागे ओढून नळीत करंगळीने चाचपलं, मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. रिकाम्या मॅगझिनसकट ४८७ ग्रॅम. सात काडतुसं वेगळी तोलली, ५४ ग्रॅम. म्हणजे भरलेलं साधारण ५४० ग्रॅम, अर्ध्या किलोच्या साखरेच्या पुड्याहून थोडं जास्त. हिने पाहिलं आणि काटा साबणाने धुवायला लावला. "त्यावर मी लाडवाचा रवा मोजते," म्हणाली.

बाबा हे पिस्तूल सफारीच्या खिशात रुमालात गुंडाळून न्यायचे. मला तसं करायचं नाही. नियम ३२ सांगतो की सार्वजनिक जागी पिस्तुलासारखं छोटं शस्त्र न्यायचं तर होल्स्टरमध्ये, म्हणजे म्यानात, किंवा पिशवीत, आणि पूर्ण झाकलेलं. चंबळच्या या पट्ट्यात खांद्यावर बंदूक लटकवून भाजी घ्यायला जाणारे लोक लहानपणापासून पाहिलेत, त्यामुळे असा नियम आहे हे मलासुद्धा लायसन्सचे कागद वाचतानाच कळलं. तर काम ठरलं: या एका पिस्तुलासाठी चामड्याचं म्यान स्वतःच्या हाताने शिवायचं, आणि सोबत हे रोज बाळगणं कसं वाटतं ते लिहून ठेवायचं.

१० सप्टेंबर, रविवार

सहा दिवस तात्पुरत्या नायलॉनच्या कव्हरात कमरेला लावून हिंडलो. झाशी रोडवरच्या आमच्या पेट्रोल पंपावरून लष्कर भागातल्या बँकेत रोख नेणं, हे माझ्या लायसन्सवरचं कारण.

वजनाचा त्रास नाही. दुपारपर्यंत विसरायलाही होतं. त्रास जाडीचा आहे. इंचभर जाडीची चीज उजव्या कुल्ल्यावर असली की गाडीच्या सीटबेल्टची कुलपाची बाजू नेमकी तिथेच येते. स्कूटरवर वाकलं की मूठ बरगडीत टोचते. जमिनीवर मांडी घालून बसणं तर विसराच. गुरुवारी भावजींकडे सत्यनारायणाला पाटावर बसलो आणि पूर्ण पूजाभर डावीकडे कललेला राहिलो. गुरुजींनी दोनदा विचारलं, पाठ दुखतेय का.

शर्ट खोचणं बंद. बाहेर सोडलेला आणि एक माप मोठा. ही म्हणते मी अचानक निवृत्त झाल्यासारखा दिसतो.

नायलॉनचा खरा दोष वेगळा. पिस्तूल बाहेर काढलं की कव्हराचं तोंड मिटतं. परत घालायचं तर डाव्या हाताने तोंड उघडून धरावं लागतं, आणि त्या क्षणी नळी माझ्याच बोटांकडे असते. हे एकदाही करायचं नाही असं पहिल्याच दिवशी ठरवलं, आणि रोज घरी येऊन पट्ट्यासकट कव्हर काढून मगच पिस्तूल बाहेर घेतो. म्हणजे म्यानाचं तोंड ताठ हवं. ही पहिली अट. दुसरी: चाप आणि चापाभोवतीची कडी पूर्ण झाकलेली हवी.

१७ सप्टेंबर, रविवार

रेंजवर पहिल्यांदा. वीस काडतुसं. बुडावर के.एफ. कोरलेलं, म्हणजे खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. पुण्याच्या मावशीच्या घरापासून दोन मैलांवर बनलेली वस्तू मी ग्वाल्हेरात उडवतोय, ही गंमत मावशीला सांगायची नाही.

हलकं पिस्तूल बाळगायला हलकं असतं, उडवायला नाही. या पिस्तुलात नळी सांगाड्याला पक्की असते. गोळी सुटली की स्लाइड फक्त स्वतःच्या वजनावर आणि नळीभोवतीच्या स्प्रिंगवर मागे थोपवली जाते. स्प्रिंग त्यामुळे कडक. बत्तीस बोर म्हणजे साडेचार ग्रॅमची गोळी, ऐकायला किरकोळ, पण धक्का तीक्ष्ण, तळव्यात टिचकी मारल्यासारखा. पोलादी पीपीके ९ मिमी शॉर्टमध्येही येते, ही हलकी मात्र त्या बोरमध्ये बनवली नाही, ते वीस गोळ्यांत पटलं.

पहिला चाप लांब आणि जड. त्याच ओढीत घोडा, म्हणजे मागची छोटी हातोडी, मागे जातो आणि सुटतो. त्यानंतरचे चाप हलके, कारण स्लाइडनेच घोडा उभा केलेला असतो. पहिली गोळी त्यामुळे दहा मीटरवर खाली-डावीकडे, बाकीच्या बऱ्या. माशी, म्हणजे नळीच्या टोकाकडचा नेम धरायचा दाणा, एवढीशी की चष्म्याशिवाय ती फक्त कल्पना.

अकराव्या गोळीनंतर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या पाळीवर दोन समांतर रेघा, रक्ताच्या. मूठ उंच धरली की मागे येणारी स्लाइड तिथे कापते. या पिस्तुलाची ही ख्याती जुनी आहे. बाबांना दाखवलं तर ते हसले आणि स्वतःचा हात पुढे केला. त्याच जागी पांढरट व्रण. चाळीस वर्षं मी तो हात पाहतोय आणि मला वाटायचं लहानपणी विळी लागली असेल.

एकदा जॅम झालं. चूक माझीच. बत्तीस बोरच्या काडतुसाची बुडाची कड किंचित बाहेर असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर वरचं पुढे सरकतच नाही, अडकून बसतं. भरताना प्रत्येक नव्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आहे हे बोटाने बघायचं. गव्हाच्या शेवया मोडताना आई जशी प्रत्येक काडी सरळ करते, तसं.

२४ सप्टेंबर, रविवार

चामडं. दुकानदाराने आधी मऊ, चकचकीत, काळं काढलं. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं. ते भिजवून आकार दिला तर धरत नाही, आणि त्यातले क्षार पोलादाला गंज लावतात. मला हवं होतं झाडाच्या सालीत कमावलेलं. फालका बाजारापलीकडे एक वृद्ध मोचीकाका आहेत, बाबांच्या कोल्हापुरी अजून तेच शिवतात. त्यांनी कानपूरहून आलेला म्हशीच्या चामड्याचा पट्टा काढला, बाभळीच्या सालीत कमावलेला, तीन मिलिमीटर. परीक्षा त्यांनीच दाखवली: कापलेल्या कडेकडे बघायचं. आत निळसर राखाडी दिसलं तर क्रोम. इथे आतपर्यंत विटकरी तपकिरी. मग थुंकीचा एक थेंब लावला. लगेच गडद होऊन आत गेला. "यह पानी पीता है," म्हणाले, "इसको गीला करोगे तो बात मानेगा."

रापी (चामडं कापायची) आणि आरी (भोकं पाडायची) त्यांच्याकडूनच उसनी. दोन सुया, एक धागा, असा टाका शिकायला पुढच्या रविवारी बोलावलं आहे.

९ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी विधानसभेच्या तारखा जाहीर. मतदान १७ नोव्हेंबर, निकाल ३ डिसेंबर. आचारसंहिता लागली की आमच्या जिल्ह्यात शस्त्रं जमा करण्याचा आदेश येतो, हे इथे पावसाळ्याइतकं ठरलेलं आहे. म्यानाचं काम आत्ता कुठे कापण्यापर्यंत आलं होतं.

रात्री घाईने काय काय करून घेतलं: जाड पुठ्ठ्यावर पिस्तुलाची दोन्ही बाजूंनी रेघ ओढली, व्हर्निअरने मापं घेतली. लांबी १५५ मिमी, नळी ८३. मुठीची, स्लाइडची, कडीची जाडी वेगवेगळी. चाळीस फोटो.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

जमा केलं. ठाण्याच्या आवारात रांग अशी की रेशनची आठवण व्हावी, फक्त प्रत्येकाच्या खांद्यावर दुनाली. माझ्या पुढचे मुरारकडचे सत्तरीचे दाऊ, बारा बोर; त्यांनी माझ्या हातातली डबी पाहून विचारलं, "इसमें क्या है, चश्मा?" हलक्या पिस्तुलाचं यापेक्षा नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार, घटस्थापना

पिस्तूल नाही तर साचा हवा. चामडं ओलं करून ज्याच्यावर ताणायचं ती वस्तूच मालखान्यात. सुताराला पुठ्ठे आणि मापं दिली होती. आंब्याच्या लाकडात त्याने हुबेहूब कोरलं, काल सर्वपित्री म्हणून हात लावला नाही, आज सकाळी दिलं. देताना कागदात गुंडाळून, इकडेतिकडे बघत. "भैया, कोई पूछे तो बोलना खिलौना है."

घरी आणून पिवळ्या ऑइलपेंटने रंगवलं. लांबून कुणालाही ते खरं वाटता कामा नये, विशेषतः पोराला आणि पोराच्या मित्रांना.

२३ ऑक्टोबर, सोमवार, खंडेनवमी

पणजोबांपासून आमच्याकडे या दिवशी देवघरासमोर शस्त्रं मांडतात. पणजोबा शिंदे सरकारच्या पागेत कारकून होते, तलवार त्यांची नव्हेच, कुणाच्या तरी वतनातून आली. धार कधीच गेली, म्यानाचा मखमल उंदरांनी खाल्ला. ती, बाबांचं पिस्तूल, आईची विळी आणि पंपावरची पाने-पकडी, असा आमचा पाट.

यंदा पिस्तूल जमा. पाट ओकाबोका. आईने क्षणभर बघितलं आणि म्हणाली, ते तुझं कातडं आण. कापलेले, न शिवलेले दोन तुकडे तलवारीशेजारी ठेवले. हळदकुंकू चामड्यावर पडलं आणि चामड्याने ते पिऊन टाकलं. तो पिवळा-लाल डाग आता जायचा नाही. काढायचाही नाही.

उद्या मांढरे की माताच्या देवळात शमीपूजन. गर्दीत जाणार, खिसे रिकामे, शर्ट खोचून.

२९ ऑक्टोबर, रविवार

शिवण. हे काम सगळ्यात जास्त आवडलं, म्हणून जरा सविस्तर.

आराखडा असा: दोन तुकडे, एकावर एक, मध्ये पिस्तूल, दोन्ही बाजूंना शिवण, शिवणीबाहेर पट्टा ओवायच्या उभ्या चिरा. मोचीकाका म्हणाले हे तर पुरीसारखं झालं, मध्ये फुगलेलं, कडेला चपटं. तोंडाला तिसरी पट्टी दुहेरी करून, म्हणजे पिस्तूल काढलं तरी तोंड मिटणार नाही. वरून एक पट्टी, टिचबटणाची, अंगठ्याने सुटेल अशी.

आधी कडेपासून चार मिमीवर काट्याने खूण. त्या रेघेवर दर चार मिमीला आरीने भोक, तिरकं. धागा मेणातून तीनदा ओढायचा, तो बोटाला चिकटला पाहिजे. मग त्या एकाच धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया. पहिली सुई भोकातून डावीकडून उजवीकडे, दुसरी त्याच भोकातून उलट, आणि दोन्ही हात एकदम बाहेर खेचायचे, खांद्यापासून. मशीनचा टाका एक तुटला की उसवत जातो. हा नाही, कारण प्रत्येक भोकात दोन्ही बाजूंचा धागा आहे. दुसरी सुई पहिल्या धाग्याला टोचता कामा नये. टोचली की पुन्हा ओढता येत नाही. माझ्याकडून अकरा वेळा टोचली.

बावन्न टाके एका बाजूला. काकांनी पहिले सात पाहून उसवायला लावले. "टेढ़ा नहीं है, पर डरा हुआ है." टाका घाबरलेला कसा दिसतो ते मला तेव्हा कळलं नाही, चाळिसाव्याला कळलं.

५ नोव्हेंबर, रविवार

ओलं करणं. कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत. मग पिवळं लाकडी पिस्तूल पॉलिथिनमध्ये गुंडाळून आत सारलं. लोण्याच्या चमच्याच्या पाठीने चापाची कडी, स्लाइडची कड, मुठीचा काठ दाबत गेलो. ओलं चामडं ऐकतं, पण जिथे नख लागलं तिथे नखाची खूणही ठेवतं. दोन ठेवली आहेत.

उन्हात नाही, पंख्याखाली सावलीत दीड दिवस. सुकल्यावर टकटक वाजवलं तर पुठ्ठ्यासारखा नाही, लाकडासारखा आवाज. वरून मेण आणि जरासं जवसाचं तेल.

१० डिसेंबर, रविवार

पिस्तूल परत मिळालं. ठाण्यात ते ओलसर वर्तमानपत्रात होतं. स्लाइडच्या मागच्या खाचांत तांबूस पावडर, मिश्रधातूचा सांगाडा मात्र स्वच्छ. हलकेपणाचा हा एक फायदा कुठल्या कोष्टकात लिहिलेला नसतो. तेल, जुनी दात घासायची ब्रश, अर्धा तास. खोलणं सोपं आहे: चापाची कडी खाली ओढून किंचित बाजूला टेकवायची, स्लाइड मागे नेऊन वर उचलायची. परत बसवताना कडी निसटली तर बोट चिमटतं. चिमटलं.

म्यानात बसवलं. कडीपाशी सैल. सुताराने तिथे लाकूड मिलिमीटरभर जाड ठेवलं होतं, तुटू नये म्हणून. त्याचं बरोबरच होतं. रिकाम्या पिस्तुलावर तीन घड्या प्लास्टिक गुंडाळून तेवढाच भाग पुन्हा ओला केला, दाबला. आता उलटं केलं तरी, टिचबटण न लावता, पडत नाही.

३० जानेवारी २०२४, मंगळवार

दीड महिना रोज. थंडी आहे, जाकीट आहे, म्हणून सोपं. धुक्यात सकाळी पंपावर जाताना कमरेला ते आहे याची आठवणच नसते. तोंड ताठ राहतं, एका हाताने परत जातं, नळी सतत खाली. चामडं मांडीच्या वळणाला वाकून माझ्या अंगाचं झालंय.

आजची तारीख. गांधींवर झाडलेलं बेरेटा, १९३४चं मॉडेल, ९ मिमी शॉर्ट, ते ग्वाल्हेरातून मिळवलेलं होतं. इथल्या मराठी घरांत हे कुणी मोठ्याने बोलत नाही आणि कुणी विसरतही नाही. बाबांनी आपल्याकडे पिस्तूल आहे हे पाहुण्यांना कधी का सांगितलं नाही, असं मी लहानपणी विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. आज जेवताना त्यांनी स्वतःहून विचारलं, "तू पुण्याला कुणाला बोलला नाहीस ना?" नाही म्हटलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

मित्राच्या पोरीचं लग्न. वरातीत कुणीतरी म्हणालं, तुझ्याकडे तर पीपीके आहे, घेऊन ये, दोन आवाज काढू. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षं कैद, लाखभर दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे सांगितलं तर तो म्हणाला, "मराठी लोग बड़े कानूनी होते हो." पिस्तूल घरी, लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. लग्नात मी मांडी घालून पंगतीला बसलो आणि तीन जिलब्या जास्त खाल्ल्या.

इथे एक हिशेबही लिहून ठेवतो. १० डिसेंबरपासून आजपर्यंत बँकेत नेलेली रोख मी मोजली. चार वर्षांपूर्वीच्या याच महिन्यांच्या निम्मीही नाही. ट्रॅक्टरवालेसुद्धा फोन पुढे करून पैसे टाकतात. लायसन्स मिळवायला चौदा महिने लागले तेवढ्यात लायसन्सचं कारणच आटत चाललंय. मुनीमजी म्हणतात, आता पिस्तुलापेक्षा मोबाइलच्या चार्जरची राखण करा.

१६ मार्च, शनिवार

लोकसभा. आचारसंहिता. ग्वाल्हेरला मतदान ७ मे. पुन्हा तीच रांग असणार. या वेळी पिस्तूल तेल लावलेल्या फडक्यात, फडकं पॉलिथिनमध्ये, आणि मी शिपायाला हात जोडून म्हणणार, पेपर मत लगाना.

म्यान माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवलं.

१९ मे, रविवार

नोंद करण्यासारखं काही नाही. ऊन असं की डांबर चपलेला चिकटतं. कमरेला काही नाही आणि शर्ट खोचलेला आहे. पंपावरचा नवा पोरगा म्हणाला, साहेब बारीक झालात.

९ जून, रविवार

गुरुवारी आचारसंहिता उठली, काल पिस्तूल आलं. या वेळी गंज नाही. शिपायाने खरंच पेपर लावला नव्हता.

माळ्यावरून म्यान काढलं. पत्र्याच्या ट्रंकेत, एप्रिल-मेचा उन्हाळा, आत साचा नाही. चामडं सुकून आखडलंय. कुंकवाच्या डागापाशी बारीक भेग. रिकामं पिस्तूल निम्म्यापर्यंत जातं आणि थांबतं. जोर लावला असता तर गेलं असतं, पण पिस्तुलावर जोर लावायचा नसतो. लाकडी साचा आत ठेवून मगच ते माळ्यावर टाकायला हवं होतं. मोचीकाकांनी दोनदा सांगितलं होतं.

बाबा दारात उभे राहून बघत होते. आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि आपला तो जुना निळ्या काठाचा रुमाल घेऊन आले. इस्त्री केलेला. त्यातच गुंडाळून कपाटात ठेवलं.

मंगळवारी म्यान पुन्हा भिजवायचं. त्याआधी पिवळं पिस्तूल शोधायचं. पोराने ते गच्चीवर टाकीच्या मागे लपवलंय असं त्याची आई म्हणते.